चिखलदऱ्याचा हबशी वेल

सुभद्राबाई अकोटला आमच्या घराला लागूनच राहत. आईचा विषय निघाला की हातातलं काम बाजूला ठेवत आणि मग सांगतच राहत. हे सारं त्यांच्याच तोंडचं. थोडंफार मी नंतर चिखलदऱ्यावर जाऊन दोन म्हाताऱ्या माणसांना विचारलं, पण त्यांनीही वेगळं काही सांगितलं नाही.

त्यांची आई मनकर्णाबाई ही एलिचपूरच्या माळ्याची लेक. तिच्या आजाने नबाबाच्या बागेत काम केलेलं. बाग पुढे उजाड झाली, पण तिथल्या काळ्या द्राक्षाचा एक वेल आजाने आपल्या विहिरीजवळ आणून लावला होता. जाड सालीचं, मोठ्या बीचं द्राक्ष. त्याला घरात हबशी म्हणत. चिखलदऱ्याच्या पुंजाराम माळ्याशी लग्न झालं तेव्हा मनकर्णेने ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच्या काड्या नेल्या आणि घाट चढेपर्यंत पोतं मांडीवरून खाली ठेवलं नाही. सासूने विचारलं, "पोरी, लुगडी कुठं आहेत?" लुगड्यांचं गाठोडं गाडीतच राहिलं होतं.

पुंजाराम गोऱ्या साहेबांच्या उन्हाळी बंगल्यांना भाजी पुरवायचा. कोबी, वाटाणा, बटाटा. वर थंडी चांगली पडते, पावसाळ्यात ढग घरात शिरतात. द्राक्षाला हे मानवेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मनकर्णेला तर कशाचीच खात्री वाटत नसे. स्वभावच काळजीचा. पान जरा वळलं दिसलं की ती उलटून पाही, पांढरी बुरशी दिसली की चुलीतली राख चाळून फुंके, आणि तरी जेवायला बसल्यावर घास हातात धरून मांडवाकडे बघत राही. एक वेल मात्र जगला. एकाचे सहा झाले, सहाचा मांडव झाला.

मिशनचे पाद्री होते फादर क्लोद. लोक त्यांना किलोदबाबा म्हणत. फ्रान्सच्या बर्फाळ डोंगरातले, उंच, वाकलेले, मराठी बोलणारे पण उच्चार नाकातून करणारे. त्यांच्या पूजेला द्राक्षारस लागे, आणि तो निव्वळ द्राक्षाचाच असावा, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसावं, असा त्यांचा नियम. दरवर्षी तो जहाजाने येई. युरोपात मोठी लढाई सुरू झाली आणि जहाजं बुडू लागली, तसा द्राक्षारस येईनासा झाला. बाबांनी आपल्या गावच्या वेलांच्या काड्या पूर्वी दोनदा आणून लावल्या होत्या. दोन्ही वेळा पावसाळ्यात त्या सडून गेल्या. एक दिवस ते पुंजारामच्या मांडवाखाली उभे राहिले आणि हबशीचं एक द्राक्ष तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले, "याचा रस करायचा का?"

पुंजारामने हातातलं खुरपं खाली ठेवलं. तो मिशनच्या वाटेनेही फार जात नसे. जातवाले काय म्हणतील, लेकीला स्थळ मिळेल का, हे त्याने त्याच रात्री जेवताना बोलून दाखवलं. मनकर्णेलाही हीच भीती होती. पण तिने होकार दिला. का दिला हे सुभद्राबाईंनाही नीट सांगता यायचं नाही. त्या म्हणत, "बाबाचे वेल मेले होते नं. आईले ते लय लागलं."

पहिलं वर्ष फुकट गेलं. बाबा म्हणाले, आमच्याकडे द्राक्षं लाकडी टाक्यात घालून पायाने तुडवतात, गाणी म्हणत म्हणत. मनकर्णा मागे सरकली. "अन्नाले पाय? अन् तेही तुमच्या देवाच्या? मी नाही लावनार." तिने काठवटीत हाताने चुरलं. पण त्याआधी एक चूक करून बसली होती. घरातली शिस्त म्हणून तिने घड दोन पाण्यांनी स्वच्छ धुतले होते. रस रांजणात आठवडाभर नुसता पडून राहिला, मग त्यावर पांढरी साय धरली आणि सगळ्याचा आंबट शिरका झाला. बाबांनी कपाळावर हात मारला नाही, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत. मग म्हणाले, "द्राक्षावर ती पांढरी भुकटी असते ना, रस आंबवून उठवणारा जीव तिच्यात असतो. धुतलं की तो गेला. मीच सांगायला हवं होतं."

दुसऱ्या वर्षी दोघांनी सगळं जपून केलं. कोजागिरीनंतर चंद्र उतरणीला लागला तशी मनकर्णेने छाटणी केली. उतरत्या चांदण्यात कापलं की वेल कमी रडतो, कापल्या जागेतून पाणी कमी गळतं, असं तिचा बाप म्हणायचा. बाबांच्या गावचे लोकही तेच म्हणत, हे ऐकून तिला जरा धीर आला. शेण, गोमूत्र आणि वडाखालची माती मडक्यात कुजवून तिने मुळाशी घातली. बाहेरचं खत काही नाही. माघात आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. ती मांडवाखालीच उभी राहिली, डोक्यावर घमेलं धरून, जणू ती तिथून हलली तर सगळंच जाईल. पश्चिमेकडची बाजू झोडपली गेली. घरामागची वाचली.

त्याच माघात सुभद्रेचं जमलं. मुलाचे वडील अकोटचे उत्तमराव माळी, फुलांचा आणि संत्र्यांचा धंदा, शब्दाला पक्के, घर निर्व्यसनी. मध्यस्थ होते पुंजारामचे चुलतभाऊ किसनराव. कुंकू लागलं, वैशाखात लग्न ठरलं. किसनरावांनी जाताना पुंजारामला बाजूला घेऊन सांगितलं, "ते पाद्र्याचं काम तेवढं बोलू नका कुठं."

शिमग्याच्या सुमारास घड उतरवले. मिशनच्या मागे दगडी भिंतींची, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची एक कोठी होती. आत चार रांजण, आतून मेण लावलेले. यंदा धुणं नाही. तिसऱ्या दिवशी रस उठला. साली वर येऊन जाड थर धरायच्या, खालून बुडबुडे यायचे, सगळ्या कोठीत आंबूस गोड वास भरायचा. तो थर दिवसातून दोन-तीनदा रसात दाबावा लागे. वर कोरडा राहिला की त्याला शिरक्याची बाधा होते. मनकर्णा कोपरापर्यंत जांभळी होऊन घरी यायची आणि हात धुता धुता म्हणायची, "आज जास्तच गरम लागून राहिला. काही बिनसलं तं नाही?"

आणि एका सकाळी अबकारीचे दरोगा आले. भगवंतराव त्यांचं नाव, माणूस सभ्य. डोंगरावरच्या दारूच्या ठेकेदाराने तक्रार केली होती, की मिशनमध्ये बिनपरवाना दारू होते.

"भट्टी कुठं आहे साहेब?" मनकर्णा म्हणाली. "इस्तू पेटवला नाही, नळी नाही. हे आपल्याआपच उठते."

"ते मला कळतं बाई," दरोगा म्हणाले. "पण तक्रार लेखी आहे. अमरावतीहून हुकूम येईपर्यंत कोठी बंद ठेवावी लागेल. दाराला कोणी हात लावायचा नाही."

"अन् साली कोन दाबन?"

दरोगा दाराकडे वळले. त्यांनी कुलूप घातलं, त्यावर लाख ओतून शिक्का मारला. बाबांनी तेव्हाच घोडं काढलं आणि अमरावतीची वाट धरली.

मनकर्णा भिंतीला कान लावून बसली. आत रस बोलत होता. सुभद्राबाई म्हणत, कान लावला की दूर कुठंतरी पाऊस पडतो तसं ऐकू यायचं. दुपारी तिने पुन्हा कान लावला. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आवाज दबल्यासारखा वाटला. थर कोरडा पडत चालला होता. बाबांचा पत्ता नव्हता. निरोप एवढाच आला, की मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, वाट पाहतो आहे.

ती घरी आली, चुलीपुढे बसली, उठली, पुन्हा बसली. पुंजाराम म्हणाला, "गेलं तं गेलं. आपल्या हातात काय हाय?"

"दाराले हात लावू नका म्हनले," ती म्हणाली. "छपराचं काही म्हनले नाहीत."

पुंजारामचा पाय जांभळीवरून पडून अधू झाला होता. त्याला शिडी चढवत नसे. "मनकर्णे, तुरुंगात जाशीन. लेकीचं लगन तोंडावर आलं."

तिनेही तेच म्हटलं मनाशी, हे तिने पुढे सुभद्रेला सांगितलं. शिडीच्या प्रत्येक पायरीवर तेच म्हटलं. तरी ती चढली. सुभद्रेने खाली शिडी धरली. मनकर्णेने लुगडं कसून घेतलं, कवेलू एकेक काढून बाजूला रचले, आणि लांब बांबूच्या टोकाला लाकडी चकती बांधून तो आत सोडला. भोकातून वाफेसारखा वास वर आला, तिला गरगरलं, ती आडव्या वाशाला धरून थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग दाबायला लागली. कडक झालेला थर आधी हटेना. मग एकदम आत गेला, आणि खालून बुडबुड्यांचा लोंढा वर आला. तीन रांजणांपर्यंत बांबू पोचला. चौथा कोपऱ्यात, मोठ्या तुळईखाली होता. तिने पुष्कळ वाकवून पाहिला. पोचला नाही.

असं तिने रोज केलं, सकाळी आणि दुपारी. रस्त्यावर कोणी दिसलं की छपरावर आडवी पडायची. तिला जेवण जात नव्हतं. कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायची.

आणि अशाच एका सकाळी उत्तमराव आले. लग्नाची बोलणी करायला, न कळवता, किसनरावांना घेऊन. घरी कोणी नव्हतं म्हणून माणसं विचारत विचारत मिशनकडे आली. त्यांना काय दिसलं? होणारी सून शिडी धरून उभी, आणि होणारी विहीण छपरावर, कासोटा मारलेला, हात काळेजांभळे, बांबू भोकात घातलेला.

सुभद्रेने पदर पुढे ओढला.

"हे काय व्हय?" उत्तमराव म्हणाले.

किसनराव घाईघाईने हसले. "कवेलू फेरून राहिली असन वहिनी. पावसाच्या आधी करावंच लागते नं."

एवढ्यावर भागलं असतं. मनकर्णेने मान डोलावली असती तरी पुरलं असतं. सुभद्राबाई सांगत, "मी खालून तिच्याकडं पाहून राहिली होती. मनात म्हटलं, हो म्हन, माय. एवढं हो म्हन."

मनकर्णा छपरावरूनच बोलली. "कवेलू नाही इवाई. खाली पाद्रीबाबाचा द्राक्षारस हाय. साहेबानं दार बंद केलं. हालवला नाही तं नासते."

"चढते का?" उत्तमरावांनी विचारलं.

तिने बांबू बाजूला ठेवला. "चढते."

"मंग दारूच म्हना."

"त्यायच्या पूजेची हाय. घोट घोटच घेतात. पन चढते, ते खरं."

उत्तमराव वळले आणि गाडीसाठी घराकडे परत आले. तोवर पुंजाराम घरी पोचला होता. त्याने हातपाय धुवायला पाणी दिलं, गूळ आणि तांब्या पुढे ठेवला. उत्तमरावांनी तांब्याला हात लावून तो तसाच मागे सारला. "घाट उतरायचा हाय. ऊन होईन," म्हणाले, आणि गाडीत बसले. किसनराव मागे वळून पाहतही नव्हते.

दिलेलं पाणी न पिता व्याही उठला, म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. पुंजाराम आयुष्यात कधी बायकोवर ओरडला नव्हता, तो त्या दिवशी ओरडला. "सोड ते! लेकीचं मोडलं तुह्यापायी. खोटं बोलता नाही आलं एकदा?"

"उद्या ती नांदाले गेली असती, अन् त्यायले दुसऱ्याकडून कळलं असतं तं?" मनकर्णा म्हणाली. "तवा तिले कोन वाचवलं असतं?"

दुपार कलली तशी ती उठली. पुंजारामने विचारलं, "कुठं निघाली?" ती म्हणाली, "एक मोडलं असन तं मोडलं. दुसरं काहून मोडू?" छपरावर बसून तिने तीनही रांजण दाबले, आणि दाबताना रडत होती हे खाली शिडी धरलेल्या सुभद्रेला तिच्या श्वासावरून कळत होतं. सुभद्रेला आईचा राग आला होता. तो राग पुष्कळ दिवस राहिला, हेही सुभद्राबाईंनी माझ्यापासून लपवलं नाही.

बाबा हुकूम घेऊन परत आले तेव्हा त्यांचे डोळे खोल गेले होते. पूजेपुरता द्राक्षारस करायला परवानगी मिळाली होती. दरोगा आले, त्यांनी लाख फोडली, दार उघडलं. छपरातून उन्हाचा एक पट्टा सरळ रांजणांवर पडला होता. दरोग्यांनी वर पाहिलं.

"कवेलू सरकलेले दिसतात."

"माकडं लय झाली साहेब," पुंजाराम म्हणाला. खोटं बोलता येतं हे त्याने दाखवून दिलं.

दरोग्यांनी मनकर्णेच्या जांभळ्या हातांकडे पाहिलं, मग पुंजारामकडे. "बंदोबस्त करा माकडांचा," म्हणाले आणि कागदावर सही करून निघून गेले.

चौथ्या रांजणाचा शिरका झालाच होता. बाबांनी पहिल्या रांजणातला घोट घेतला. मनकर्णा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, हात पदरात गुंडाळून. बाबांनी तो घोट तोंडात फिरवला, गिळला, आणि दुसऱ्या रांजणाकडे गेले. मग तिसऱ्याकडे. मग भिंतीशी असलेल्या पाटावर बसले.

"आमच्या डोंगरातल्यासारखा नाही," ते म्हणाले. "रानटी आहे जरा. पण खरा आहे. वर्षाला पुरून उरेल."

मनकर्णेने "बरं झालं" एवढंच म्हटलं आणि ती घरी आली. तिचा जीव अकोटकडे लागला होता. चैत्र संपला. अकोटहून निरोप नाही. किसनरावांनी येणंच बंद केलं होतं. एलिचपूरच्या बाजारात कोणीतरी पुंजारामला विचारलं, "तुमची बाई दारू गाळते म्हनतात?" तो भाजी तशीच टाकून परत आला. वैशाखातले मुहूर्त एकेक करून जात होते, आणि दारावरून गाडी गेली की तिघंही कान टवकारायची.

जेठ लागताना एक गाडी दाराशी थांबली. उत्तमराव नव्हते. त्यांची बायको दुर्गाबाई एकटीच उतरली, गाडीवानाला बाहेरच थांबायला सांगून. ओटीवर बसली, पाणी मागितलं आणि सगळा तांब्या प्याली. मनकर्णा तिच्यासमोर उंबऱ्यावर बसली.

"इहीनबाई, एक विचारतो," दुर्गाबाई म्हणाली. "तुमी पेता?"

"चाखा लागते. चाखल्याबिगर कळत नाही. पेत नाही."

"पोरगी?"

"तिनं तं चाखलीही नाही."

दुर्गाबाईने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "माह्या सासऱ्याले मोहाच्या दारूनं नेलं. गावात पडले असायचे. हे तवा लहान होते, उचलून आनायचे घरी. म्हनून त्यायनं पानी नाही पेलं. तुमच्यावर राग नाही. ते वासालेच भेतात."

मनकर्णेने तांब्या पुन्हा भरून दिला. इतके दिवस ती उत्तमरावांना घमेंडखोर समजत होती.

"घरी येऊन दोन रोज बोलले नाहीत," दुर्गाबाई पुढे म्हणाली. "मंग मले म्हने, बाई खोटं बोलली असती तं सोपं झालं असतं. मोकळं होता आलं असतं. आता कसं मोडू?"

लग्न जेठाच्या अखेरच्या मुहूर्तावर लागलं. अट एकच होती: सुभद्रेने त्या वेलाची काडीसुद्धा अकोटला आणायची नाही. सुभद्रेने आधीच चार काड्या ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मनकर्णेने त्या गाठोड्यातून काढून घेतल्या. वरात निघताना सुभद्रा आईच्या गळ्यात पडली नाही; नुसती पाया पडली. मनकर्णेला ते फार दिवस टोचत राहिलं.

पुढच्या वर्षीही रस झाला, चारही रांजण चांगले. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. किलोदबाबा धारणीकडच्या कोरकू पाड्यांत पेज आणि औषध घेऊन फिरत होते. तिकडेच आजारी पडले आणि तिकडेच गेले. नवे पाद्री आले तोवर लढाई संपली होती, बाटल्या पुन्हा जहाजाने यायला लागल्या होत्या. त्यांनी मनकर्णेला चांगल्या शब्दांत सांगितलं, की आता तसदी नको. ती रांजण घरी घेऊन आली. त्यांना मेणाचा आणि रसाचा वास होता, म्हणून त्यांत धान्यही ठेवता येईना.

वेल मात्र तिने मरेपर्यंत राखला. फळं साहेबांच्या बंगल्यांवर विकली जायची. फाल्गुनात सुभद्रा पोरांना घेऊन यायची, आणि एखाद्या वर्षी सोबत दुर्गाबाईही यायची. मांडवाखाली बसून घडच्या घड संपवायची आणि बिया अंगणात फेकत म्हणायची, "इतकं गोड देल्लं देवानं, इहीनबाई, अन् तुमी ते नासवत होत्या!"

"नासवत नव्हतो," मनकर्णा म्हणायची. "नासू नये म्हनून तं जीव गेला माहा."

दोघी हसायच्या. लग्नानंतर उत्तमराव घाट चढून पुन्हा कधी आले नाहीत.